मुराळ्याची फेरी: जगदलपूर ते पासीघाट

मांजरीत गेनबाला वर्षभर सगळे ड्रायव्हर म्हणून ओळखतात. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची पांढरी बस तो चालवतो. पण आषाढ सरत आला की गेनबाचं खरं काम सुरू होतं. मग तो बसची किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो, दाढी करतो, इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात घालतो आणि मुराळी होतो.

लग्न झालेल्या लेकीला सणासाठी माहेरी आणायला जो माणूस तिच्या सासरी जातो, तो मुराळी. बहुतेक घरांत हे काम भावाच्या गळ्यात पडतं आणि तो ते कसंबसं उरकतो. गेनबाच्या घरात मात्र हे काम कुणी त्याच्या गळ्यात घातलं नाही, त्यानंच ते उचललं. मिसरूड फुटायच्या आधी त्यानं थेऊरहून आत्याला सायकलवर आणलं होतं. घरातले मोठे उसाच्या मागे, आणि आत्याची सासू खाष्ट. "दोन दिवसांनी पाठवू," म्हणाली. गेनबा ओसरीवर बसून राहिला. जेवायला वाढलं तर म्हणाला, "जेवतो की. पण आधी आत्याची पिशवी भरा." सासूला हसू आवरेना. आत्या कॅरिअरवर, ट्रंक हँडलवर आणि गेनबा पायडलवर, अशी ती वरात संध्याकाळी मांजरीत शिरली. तेव्हापासून भावकीतल्या सगळ्या लेकी गेनबाच आणू लागला. सायकल गेली, लूना आली, पुढं एसटी, पुढं रेल्वे. मुराळी तोच.

त्याची एक रीत होती. दोन लेकी आणायच्या असल्या, तर एका फेरीत आणायच्या. थोरलीला आधी घ्यायचं आणि तिला घेऊन धाकटीच्या दारात जाऊन उभं राहायचं. "एकट्या बाप्याला सासू न्हाई म्हणू शकती," तो सांगायचा, "पण दारात उभ्या ऱ्हायलेल्या भनीला कोण न्हाई म्हणंल?" आणि घराचा उंबरा दोघींनी एकदम ओलांडायचा. एका वर्षी त्यानं चुलत बहिणींपैकी एकीला आधी आणलं होतं. तेव्हा दुसरीची आई दिवसभर दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती आणि पहिलीची लेक आत बसून पोहे खात होती. ते गेनबाला सहन झालं नाही. त्यानंतर त्यानं कधी लेकी सुट्या आणल्या नाहीत.

गेनबाला स्वतःचं मूल नाही. त्याच्या थोरल्या भावाच्या, दीनानाथच्या दोन मुली, मैना आणि ऋतुजा, त्याच्याच अंगाखांद्यावर वाढल्या. दोघींना भाऊ नाही. त्या त्याला तात्या म्हणतात.

त्या वाढत होत्या तोवर मांजरीही बदलत होती. उसाच्या जागी इमारती उगवल्या. दीनानाथच्या गोठ्यात आता भाडेकरूंच्या स्कूटर उभ्या असतात. आणि पूर्वी लोणी, उरुळी, यवत इतक्या टप्प्यात जाणाऱ्या लेकी लांब जायला लागल्या. मैनाचा नवरा पोलाद कारखान्यात. बदली होत होत तो जगदलपूरला पोचला. ऋतुजा इंजिनिअर झाली आणि हिंजवडीला लागली. कंपनी वेगळी, पण बस तात्याचीच. ड्रायव्हरच्या मागची सीट तिची.

"ऋते," गेनबानं एकदा मगरपट्ट्याच्या सिग्नलला विचारलं, "दिवसभर त्या काचंच्या बिल्डिंगीत करतीस तरी काय?"

"तात्या, जगात जेवढी विमानतळं आहेत ना, त्यातली कुठलीही दोन घ्यायची. त्यांच्यात अंतर किती, विमानाला वेळ किती, याचं एक पान आमच्या वेबसाइटवर आपोआप तयार होतं. तो प्रोग्रॅम माझा."

"कुठलीबी दोन?"

"कुठलीही. अगदी बारकी, आडगावातली सुद्धा."

"आन् लोक इचारत्यात?"

"कोणी ना कोणी विचारतंच. विचारलं की उत्तर तयार पाहिजे."

"मग मांजरी ते हिंजवडी किती टाइम लागंल, ते सांग की तुझ्या प्रोग्रॅमला."

"ते खंडोबालाही नाही सांगता येणार, तात्या."

मागच्या सीटवर कानात हेडफोनची बोंडं घालून डोळे मिटलेली पोरंसुद्धा हसली. गेनबाला त्या दिवशी फार बरं वाटलं. दुपारी हिंजवडीत बसच्या सावलीत डबा खाताना त्यानं बाकीच्या ड्रायव्हरांना सांगून टाकलं, "आमची ऋतुजा इमानांचं टाइमटेबल बनवती."

पुढचा सगळा घोळ या वाक्यात होता. पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गेनबाच्या हिशेबानं यात वावगं काहीच नव्हतं. एसटी स्टँडवर पाटी असते, तिच्यावर गावाचं नाव असतं आणि वेळ असते. गाडी उशिरा येईल, वाटेत बंद पडेल, कंडक्टर भांडेल, पण गाडी असते. नसलेल्या गाडीची वेळ कोण लिहील?

ऋतुजाला वाघोलीचा पियुष आवडला होता. कॉलेजातली ओळख. मुलगा चांगला, घर चांगलं, पुलांचा इंजिनिअर. वाघोली म्हणजे मांजरीहून हाकेच्या अंतरावर. दीनानाथनं ना म्हणायचं काही कारण नव्हतं. पण बैठकीत पियुषच्या वडिलांनी सांगितलं, की पोराचं काम अरुणाचलात आहे, पासीघाटला, आणि निदान चार-पाच वर्षं तरी तिथंच राहील. ऋतुजाच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती, म्हणजे तीही तिकडंच जाणार. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. बोट उजवीकडं, वर, आणखी उजवीकडं सरकत गेलं.

"आजून जरा सरकवलं तर नकाशाच संपंल," दीनानाथ म्हणाला. तो मुळात कमी बोलणारा. चहाचा कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "पयली पंचमी, पयली दिवाळी. पोरीला आणायला कोण जाणार?"

"अहो, शिकलेली मुलगी आहे. ती येईल की विमानानं," पियुषचे वडील म्हणाले.

गेनबाला राहवलं नाही.

"पाव्हणं, येणं निराळं आन् आणणं निराळं."

पियुषच्या वडिलांनी नकाशावरचं बोट काढून घेतलं. आतल्या खोलीत ऋतुजा बसली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. गेनबा उठला, भावाला मागच्या बाजूला स्कूटरींच्या गोठ्यात घेऊन गेला आणि खिशातून फोन काढला.

"ह्ये वाच. ऋतीनं सोता केलेलं हाय."

पानावर लिहिलं होतं: जगदलपूर विमानतळ ते पासीघाट विमानतळ. अंतर सुमारे सोळाशे ऐंशी किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ, अडीच तास.

"अडीच तासात माझी बस कवा कवा वाकडच्या पुलापतुर पोचत न्हाई," गेनबा म्हणाला. "आन् वर कुठं ट्राफिक असतंय? मी जगदलपूरला मैनीला घेतो, तितनं अडीच तासात ऋतीच्या दारात. दोघींना पंचमीला तुझ्या उंबऱ्यावर उभ्या करतो. माझा शब्द."

दीनानाथनं फोनकडं पाहिलं. मग भावाकडं.

"तू जाशील?"

"जाईन म्हंजी? जाणारच."

दीनानाथ पुढं बैठकीत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "फोडा सुपारी."

उन्हाळ्यात लग्न झालं. ऋतुजा पासीघाटला गेली. आणि श्रावण येऊन ठेपला.

गेनबाची बायको चंपा. गेल्या आठवड्यापासून ती पिशव्या भरत होती. ज्वारीच्या लाह्या, घरचा गूळ, पुरणासाठी हरभऱ्याची डाळ, दोघींना दोन साड्या, आणि कापसात गुंडाळलेल्या बांगड्या. बसथांब्याजवळच्या तिकिटाच्या दुकानातून गेनबानं जगदलपूरपर्यंतचं तिकीट काढून आणलं. हैदराबादला विमान बदलायचं होतं.

"अवो, आन् फुडलं?" चंपानं विचारलं.

"फुडलं तितं काढायचं."

"हितनंच काढून घ्या की."

"दौंडावरनं बारामतीची गाडी कवा हाय, ते हडपसरला इचारून कळतंय का? ज्या स्टँडावरनं सुटती, त्या स्टँडावर इचारायचं असतंय."

"मग ऋतीला तरी इचारा. तिचंच तर हाय ते."

"मुराळी सांगून येत नसतो, चंपे. पोरीनं वाटंकडं बघत बसायचं असतं. त्यातच खरी मजा हाय."

चंपानं लाह्यांच्या पिशवीत जरा जास्तच लाह्या भरल्या. वाटेत लागल्या तर असाव्यात म्हणून.

गेनबाचा हा पहिलाच विमानप्रवास. हैदराबादच्या मोठ्या विमानतळावर तो दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा स्वतःच परत वाटेला लागला. शेवटी पंख्यांच्या छोट्या विमानातून जगदलपूरला उतरला तेव्हा त्याची छाती जरा फुगलेली होती. मैनाच्या क्वार्टरच्या दारात तो उभा राहिला, तेव्हा ती हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

"तात्या! विमानानं आलात?"

"आन् विमानानंच जायचं. उद्या. आधी ऋतीकडं, मग घरी. भर पिशवी."

मैना बारा वर्षं संसार केलेली सासुरवाशीण. तात्यानं पिशवी भर म्हटलं की भरायची, एवढं तिला माहीत होतं. मुलं सासूबाईंकडं राहणार होती, शाळा होती त्यांची. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं दोघांना विमानतळावर सोडलं आणि तो पाळीला गेला.

दारावरच्या जवानानं तिकीट मागितलं.

"टिकट लेनेकाच है," गेनबा म्हणाला. "खिडकी किधर है?"

जवानानं बाजूची खिडकी दाखवली. आत एक तरुण मुलगी बसली होती.

"दो देना. पासीघाट."

"कहाँ?"

"पासीघाट. अरुणाचल. ढाई घंटा लगता है."

मुलीनं संगणकावर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. चांगली मुलगी होती, हसली नाही. "दादाजी, पासीघाट के लिए यहाँ से कोई फ्लाइट नहीं है."

"आज नहीं, तो कल का देना."

"कल भी नहीं. कभी नहीं."

गेनबानं फोन खिडकीतून आत सरकवला. मुलीनं ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि फोन परत देत हळूच म्हणाली, "दूरी तो सही लिखी होगी, दादाजी."

मैनानं फोन हातात घेतला. ती शाळेत फार हुशार नव्हती, पण संसारात पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा तिनंच सांभाळल्या होत्या. "तात्या, गाडी सुटायची वेळ कुठाय यात? कुठल्या कंपनीचं विमान? कुठल्या वारी?"

ते काहीच त्यात नव्हतं. पहिल्यांदाच गेनबानं ते पान नीट पाहिलं. एक निळा ठिपका इकडं, एक तिकडं, आणि मधे एक वाकडी रेघ.

त्यानं ऋतुजाला फोन लावला. न सांगता जायची मजा आता संपली होती.

"तात्या! कुठं आहात? कधी निघताय?"

"ऋते, जगदलपूरवरनं पासीघाटची गाडी किती वाजता सुटती?"

"कुठली गाडी?"

"इमान गं."

ऋतुजानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तात्या, असं विमान नाहीये."

"तूच तर लिवलंयस!"

"मी... अहो तात्या, ते गणित आहे. दोन ठिपक्यांमधलं हवेतलं अंतर काढायचं, विमानाच्या वेगानं भागायचं, वर चढायला-उतरायला थोडा वेळ धरायचा. विमान असतं, तर इतका वेळ लागला असता. एवढाच त्याचा अर्थ."

"आन् नसलं तर?"

"नसलं तर... काही नाही."

"मग नसल्या गाडीचा टाइम कशाला लिवलास गं बाय?"

असली लाखो पानं ऋतुजाच्या प्रोग्रॅमनं बनवली होती. ती वाचून कोणी पिशवी भरून खिडकीसमोर जाऊन उभं राहील, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. "तात्या, तुम्ही मैनाताईला घेऊन घरी जा. मी इकडून कोलकात्यावरून येते. पंचमीला पोचते मी, नक्की."

"दादाला काय सांगू? त्या पानावर मी शब्द दिला हाय."

"कुठल्या पानावर? कसला शब्द?"

मग गेनबानं तिला गोठ्यातली गोष्ट सांगितली. सुपारी फुटायच्या आधी स्कूटरींमधे उभं राहून काय दाखवलं, काय बोललं, सगळं. ऋतुजाला आजवर वाटत होतं, की त्या दिवशी पियुष आवडला म्हणून बाबांनी होकार दिला. फोनवर तिचं रडू ऐकू यायला लागलं, तसा मैनानं गेनबाच्या हातातून फोन ओढला.

"ए, रडू नको. आम्ही येतोय."

"ताई, विमान नाहीये गं!"

"रेल्वे असेल की. नाहीतर काहीतरी असेलच. लोक जातातच ना तिकडं? तिथं माणसं राहतात ना?"

"अगं, चार दिवस लागतील. तुझी घरची पंचमी चुकेल."

"माझ्या बारा पंचम्या झाल्या. तुझी पहिली आहे. तुला कुणी विचारलेलं नाही, तू पत्ता पाठव."

फोन ठेवला, तेव्हा गेनबा विमानतळाच्या भिंतीला टेकून, पिशवीवर बसला होता. त्याच्या एका शब्दाचे आता दोन झाले होते. दोघींना एका फेरीत आणायचं, हा एक. पंचमीला दीनानाथच्या उंबऱ्यावर उभं करायचं, हा दुसरा. एक धरला तर दुसरा सुटत होता. इथून परत फिरलं, तर मैना पंचमीला मांजरीत असेल, ऋतुजाही एकटी उडत येऊन पोचेल, आणि दादासमोर तोंड दाखवायला जागा राहील. पण तिच्या दारात मुराळी गेलेला नसेल. पहिल्या पंचमीला पोरगी पाहुण्यासारखी बॅग ओढत घरी येईल. पुढं गेलं, तर घर रिकामं राहील आणि दादा म्हणेल, मी सांगत होतो.

"तात्या," मैना म्हणाली, "स्टेशन कुठल्या बाजूला आहे?"

गेनबा उठला. उजव्या हातात एक, डाव्या हातात एक अशा त्यानं पिशव्या उचलल्या. "हितल्या स्टँडावरनं न्हाई, तर दुसऱ्या स्टँडावरनं," तो म्हणाला.

जगदलपूरहून हावड्याला गाडी होती. डोंगर, बोगदे, लाल माती, मग सपाट हिरवं रान. हावड्याच्या गर्दीत मैनानं तात्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं, लहानपणी जत्रेत धरायची तसं. तिथून दिब्रुगडची गाडी. अरुणाचलात शिरायला परवाना लागतो, तो ऋतुजानं ऑनलाइन काढून फोनवर पाठवला. दर स्टेशनाला तिचा फोन यायचा: कुठं आलात, काय खाल्लं, कुठल्या डब्यात आहात. मधेच दीनानाथचा फोन वाजायचा. गेनबा स्क्रीनकडं बघायचा, फोन उलटा करून मांडीवर ठेवायचा. नाही उचलला. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. चंपाला मात्र त्यानं सांगितलं होतं, आणि ती घरी म्हणत होती, "रेंज नसंल त्यांना."

दिब्रुगड जवळ येत होतं. त्या सकाळी गाडीत पुरी-भाजी आली. गेनबानं दोन पुड्या घेतल्या. मैनानं हात लावला नाही.

"खा की."

"उपवास आहे."

"कसला गं? उद्या पंचमी, आज काय हाय?"

"आज चतुर्थी. भावाचा उपवास."

गेनबा हसला. "तुला भाऊ कुठाय, यडे?"

मैना खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, "लहानपणी आईला विचारलं होतं आम्ही. सगळ्या मुली भावाचा उपवास करतात, आम्ही कुणाचा करायचा? आई म्हणाली, तात्याचा करा. तेव्हापासून करतो दोघी. ऋतीनं पण आज धरलाय."

गेनबाचा पुरीचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत त्याला हे कळलं नव्हतं. श्रावणात तो कायम कुणाच्या तरी सासरच्या वाटेवर नाहीतर दमून झोपलेला असायचा. बायका आत काय करतात, काय धरतात, काय सोडतात, हे कुठला पुरुष विचारतो? त्यानं घास पुडीत परत ठेवला, पुडी बांधली आणि पिशवीत टाकली.

"तुम्ही का नाही खात, तात्या?"

"भूक न्हाई," गेनबा म्हणाला आणि दिब्रुगडची वाट बघत बसला.

दिब्रुगडहून शेअर सुमो. पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडताना सुमोतले सगळे खिडक्यांकडं सरकले. एवढं पाणी गेनबानं पाहिलं नव्हतं. पासीघाटला पोचले तेव्हा ढग डोंगरांवरून खाली उतरून गावावर टेकले होते. बांबूचं कुंपण असलेल्या सरकारी क्वार्टरच्या दारात ऋतुजा उभी होती. सुमो वळणावर दिसली आणि ती अनवाणी धावत सुटली. आधी मैनाच्या गळ्यात, मग तात्याच्या. गेनबाचा सदरा, इस्त्रीची घडी कधीच मोडलेला, भिजून गेला.

पण रीत ती रीत. पियुष बाहेर आला, तेव्हा गेनबानं पिशव्या खाली ठेवल्या, हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाला, "पाव्हणं, आमच्या पोरीला पंचमीला न्यायला आलोय. पाठवा."

पियुषनंही हात जोडले. "न्या की, तात्या. मी कोण अडवणार? पण नेणार कशानं? ढगांमुळं इथलं विमान आलंच नाही. आणि आलं असतं तरी पंचमी उद्याच."

"मग ऱ्हाऊ दे," गेनबा म्हणाला. "पंचमीच हिकडं घेऊन आलोय."

सकाळी मैनानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर चंदनानं नाग काढला. पंचमीला तवा चढवत नाहीत, काही चिरत नाहीत, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. पण ऋतुजाच्या घरी मोदकपात्र नव्हतं. शेजारच्या, तिथल्या आदी जमातीच्या बाईंनी मोमो उकडायचं अॅल्युमिनियमचं मजल्यामजल्यांचं भांडं आणून दिलं आणि स्वतः तिथंच बसून राहिल्या, काय होतंय बघायला. दिंडं अशी उकडली, की मैना म्हणाली, "हे भांडं मला पाहिजे." ऋतुजा कामावरच्या लोकांशी फोनवर बोलत होती. कुठल्याही दोन विमानतळांच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ यायलाच पाहिजे, असं तिचं चाललं होतं: थेट विमान आहे की नाही. पलीकडचा म्हणत होता, असं वर लिहिलं तर लोक पान सोडून जातील. "जाऊ देत," ऋतुजा म्हणाली. "माझा काका पान सोडून गेला नाही ना, तो खिडकीवर जाऊन उभा राहिला." आणि तिनं फोन ठेवला.

दुपारी फणसाच्या झाडाला पियुषनं जीपचा दोर बांधला. दोरावर फळी. दोघी बहिणी नवी साडी नेसून, नव्या बांगड्या भरून समोरासमोर उभ्या राहिल्या आणि झोका घ्यायला लागल्या. त्यांचं जुनं पंचमीचं गाणं सुरू झालं. ऋतुजाला मधलं कडवं आठवत नव्हतं, ती तिथं नुसतंच हुं हुं करत होती आणि मैना तिला ओरडत होती.

गेनबा ओट्यावर बसला होता. त्यानं फोन हातात घेतला. आता सांगायलाच हवं होतं. फोन लावला. दीनानाथनं पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे तो फोन जवळ घेऊनच बसला होता.

"दादा."

"बोल."

"शब्द मोडला माझा."

"हायस कुठं?"

"पासीघाटला. दोघी हितंच हायती. घरी न्हाई आणू शकलो."

"हं."

"दादा, ते अडीच तासाचं इमान न्हाईच. कवाच नव्हतं. ते नुसतं गणित हाय म्हणं."

"ठाऊक हाय."

गेनबा उभा राहिला. "ठाऊक हाय म्हंजी?"

"लग्नाच्या याद्या करताना वाघोलीच्या पाव्हण्यांना इचारलं होतं मी. ते म्हणले, असं कुठलं इमान जात न्हाई."

"आन् तरी तू लग्न मोडलं न्हाईस?"

"कशाला मोडू? आणायला तू जाणार व्हतास. इमान थोडंच जाणार व्हतं?"

गेनबा जरा रागानंच म्हणाला, "मग मला तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तू बैलगाडी जुपली असतीस. मला वाटलं, शाण्या माणसासारखा कुणाला तरी इचारशील. कोलकात्यावरनं जाशील. तू डायरेक खिडकीवर जाऊन उभा ऱ्हाशील, हे काय मला सपनात दिसणार व्हतं?" दीनानाथनं दम घेतला. इतकं तो एका दमात फार बोलत नसे. "चंपा सांगती रेंज न्हाई. चार दिस बायकूला खोटं बोलाय लावलंस. खाल्लं का पोरींनी?"

"खाल्लं. दिंडं केली. झोक्यावर हायती आता."

"दे त्यांच्याकडं."

गेनबा फोन घेऊन फणसाखाली गेला. "ए पोरींनो, दादाचा फोन!" पण झोका आता चांगला उंच गेला होता. खाली आला की दोघी ओरडायच्या, वर गेला की जास्त ओरडायच्या. थांबायचं कुणाच्याच मनात नव्हतं.

"दादा, उतरत न्हाईत त्या. थांब जरा."

"नको थांबवू," दीनानाथ म्हणाला. "नुसता धर तितं फोन. ऐकू येतंय मला."

गेनबानं हात लांब करून फोन झोक्याच्या बाजूला धरला. हात दुखायला लागला तेव्हा त्यानं तो दुसऱ्या हातात घेतला.